ताई, तू सांगितलेली पुस्तकं वाचून झाली

प्रिय ताई,

हे खरं तर तुला एकटीलाच लिहायचं होतं, पण आपल्यातल्या लिहिणाऱ्या मंडळींनी पण वाचावं असं वाटलं म्हणून सगळ्यांसमोर थँक्यू म्हणतोय, चिडू नकोस.

माझी कादंबरी तेराव्या प्रकरणात रुतून बसली होती ते तुला माहितीये. खुनाचा तपास आणि त्यातच एक लव्हस्टोरी. चौघांनी वाचून "छान आहे, लिहीत रहा" म्हटलं. तू एकटीनेच सरळ सांगितलंस की तुझा इन्स्पेक्टर प्रेमात पडला की तपासाला सुट्टी लागते, आणि तपास सुरू झाला की ती बिचारी मुलगी प्रकरणभर गायब, टीव्हीवर जाहिराती लागाव्यात तसं चाललंय. मला राग आला होता, दोन दिवस तुला रिप्लाय पण केला नाही मी. मग तू नुसती पुस्तकांची नावं न पाठवता प्रत्येकापुढे काय बघायचं तेही लिहून पाठवलंस. यादी काय कोणीही देतं गं, पण कुठे बघायचं ते कोण सांगतं.

पहिलं 'प्राइड अँड प्रेज्युडिस'. मी म्हटलं ही प्रेमकथा, यात रहस्य कुठून आलं? तू म्हणालीस, गुप्तहेर कोण ते शोध. आणि खरंच ना, एकसष्ट प्रकरणांच्या पुस्तकात चौतिसाव्यात डार्सी मागणी घालतो, एलिझाबेथ त्याला उडवून लावते, पुढच्या प्रकरणात त्याचं ते लांबलचक पत्र येतं, आणि मग ती काय करते तर ते पत्र परत परत वाचते आणि डार्सीबद्दल तिचे कान भरणारा तो विकहॅम काय काय बोलला होता ते सगळं आठवून तपासून बघते. ओळख होऊन एक दिवस झालेला माणूस आपली सगळी घरगुती गाऱ्हाणी परक्या मुलीला सांगत बसतो, हे तेव्हा आपल्यालाही खटकलं नव्हतं! क्लू पार सोळाव्या प्रकरणात उघड्यावर पडला होता. (1813 चं पुस्तक आहे, त्यामुळे स्पॉयलर स्पॉयलर म्हणून कोणी ओरडू नका.) मी मागे जाऊन ते प्रकरण पुन्हा वाचलं आणि डोक्याला हात लावला. फसवायचं तर असं, सगळं समोर ठेवून.

डॅफ्ने द्यू मोरियेचं 'रेबेका' (1938) दोन रात्रीत संपवलं. निवेदिकेचं नाव शेवटपर्यंत कळत नाही हे ऐकून होतो, पण वाचताना ते जाणवतच नाही, कारण आधीच्या बायकोचं नाव सगळीकडे आहे. या पुस्तकाबद्दल जास्त बोलणार नाही, एवढंच सांगतो की नवऱ्याचं आपल्यावर प्रेम आहे का आणि रेबेकाचं नक्की काय झालं, या दोन प्रश्नांना एकच किल्ली लागते. माझ्याकडे दोन कुलपं होती आणि दोन वेगळ्या किल्ल्या, तिथेच घोळ होता.

शरदिंदू बंद्योपाध्यायांच्या डिटेक्टिव्ह ब्योमकेशच्या कथा मात्र मी आधी वाचल्या होत्या, 'अर्थमनर्थम्' पण. तरी तू म्हणालीस म्हणून पुन्हा वाचली. सत्यवतीच्या भावावर खुनाचा आळ आहे, आणि ब्योमकेश त्या तपासातच तिच्यात गुंततो, वेगळी बाग नाही की वेगळा पाऊस नाही. एवढ्या छोट्या कथेत!

पण खरा दणका बसला तो डोरोथी सेयर्सच्या 'गॉडी नाइट'चा, 1935 चं. आधी कंटाळा आला, कबूल करतो, कॉलेजातल्या बायका पानंच्या पानं बोलत बसतात आणि खूनच होत नाही. हो, रहस्यकथा असून खून नाही, घाणेरडी निनावी पत्रं येतात बस. पण यातली हॅरिएट स्वतः रहस्यकथा लिहिते आणि तिचंही पुस्तक अडकलेलं असतं, कारण एक पात्र नुसतं प्यादं आहे. तिच्यावर प्रेम करणारा डिटेक्टिव्ह पीटर तिला सांगतो की त्याला खऱ्या माणसासारखं वागू दे, तर ती म्हणते फार दुखेल ते लिहिताना, आणि हा म्हणतो पुस्तक चांगलं होणार असेल तर दुखू दे की. ताई, तू हे मुद्दाम शेवटी ठेवलं होतंस ना? खरं सांग. आणि हो, हे वाचायच्या आधी 'स्ट्राँग पॉयझन' वाचा रे सगळ्यांनी, तिथे ही दोघं पहिल्यांदा भेटतात तेव्हा हॅरिएट खुनाच्या आरोपाखाली कोर्टात उभी असते, थेट इथून सुरुवात केली तर निम्मी मजा जाईल.

तर आता तेरावं प्रकरण पूर्ण फाडलं आणि नव्याने लिहिलं. त्या मुलीला इन्स्पेक्टरपासून काहीतरी लपवायला दिलंय, आणि त्याला ते कळलेलं आहे पण तो विचारत नाही. एवढ्याशा बदलाने पुढची तीन प्रकरणं आपोआप हलली गं. चौदावं आणि पंधरावं उद्या पाठवतो. यावेळी दोन दिवस रुसणार नाही, फार तर एक.

तुझा,
तेराव्या प्रकरणातून सुटलेला