कुपवाडच्या सर्व्हरवर मेल पोचवणाऱ्या दादांना

दादा नमस्कार, नाव लिहीत नाय, तुम्हाला आवडणार नाही, पण आभार चारचौघांत मानायचेत म्हणून हे उघड पत्र.

आमचं कुपवाड एमआयडीसीतलं वर्कशॉप, कस्टमर ड्रॉइंग मेलनं पाठवतात आणि ती ज्याच्या इनबॉक्सात पडतील त्याच्याकडंच राहतात, तो गडी मिरजेला लग्नाला गेला की इकडं पोरगा जुन्याच ड्रॉइंगवर जॉब कापून मोकळा. म्हणून साहेबांचा हट्ट, मेल थेट शेअरपॉइंटच्या लायब्ररीत, म्हणजे ऑफिसातल्या सगळ्यांना उघडता येणाऱ्या फाइलींच्या कपाटात आला पाहिजे. मी सेंट्रल ॲडमिनमध्ये, म्हणजे शेअरपॉइंटच्या सेटिंगच्या पानावर, इनकमिंग ईमेल चालू केलं, लायब्ररीला पत्ता दिला, म्हटलं झालं. कशाचं झालं! तीन दिवस टेस्ट मेल पाठवतोय, बाउन्स पण येईना आणि लायब्ररीत पण काय दिसेना. डीएनएस, म्हणजे सर्व्हरच्या पत्त्याच्या नोंदी, उकरून उकरून डोकं औट.

तुम्ही फोनवर एवढंच विचारलं, "मेल कुठपर्यंत आलाय?" मला प्रश्नच कळला नाही. मी समजत होतो शेअरपॉइंट स्वतः मेल घेतं. तर घेणार विंडोजची एसएमटीपी सर्व्हिस, ती मेलची ईएमएल फाइल करून ड्रॉप फोल्डरात टाकणार, आणि शेअरपॉइंटचा टायमर जॉब, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम, दर मिनिटाला तिथनं उचलणार. म्हणजे आपण डेअरीत दूध घालून यायचं, टँकर नंतर नेतो, तसं. फोल्डर उघडलं तर माझे सगळे टेस्ट मेल तिथंच ओळीनं पडलेले! म्हणजे एक्सचेंज या आमच्या मेल सर्व्हरकडनं इकडं मेल वळवणारा कनेक्टर बरोबर, मेल आत यायचं दार म्हणजे पोर्ट २५ बरोबर, टँकरलाच गेटात सोडत नव्हते. टायमर सर्व्हिसच्या अकाउंटला त्या फोल्डरवर मॉडिफाय, म्हणजे फाइली बदलायची-काढायची परमिशन नव्हती. दिली, आणि बघता बघता फोल्डर रिकामं.

पण खरे आभार त्याच्या पुढच्या गोष्टीचे. फोन ठेवता ठेवता तुम्ही विचारलंत, "रिव्हिजन आलं की फाइलचं नाव बदलतं का?" आमचे कस्टमर कुठलं बदलतात, तेच नाव. मी ओव्हरराइट, म्हणजे त्याच नावाची फाइल आली की जुनीवर नवी, 'येस' करून ठेवलं होतं आणि जुन्या प्रती जपणारं व्हर्जनिंग बंद, म्हणजे जुनं ड्रॉइंग गेलंच असतं, आणि कस्टमरशी भांडण लागलं की दाखवायला काय राहिलं असतं? वर हे पण सांगितलंत की बाहेरचे लोक आहेत म्हणून लायब्ररीला कुणाचाही मेल घ्यावा लागणार, तर मग ज्यांच्याकडनंच मेल घ्यायचा त्या सेफ सर्व्हरच्या यादीत फक्त आपलं एक्सचेंज ठेव.

परवा सर्व्हर रीस्टार्ट झाला आणि परत सगळं बंद. तुम्हाला फोन लावणार तेवढ्यात तुमचाच प्रश्न आठवला, ड्रॉप फोल्डर बघितलं, रिकामं, म्हणजे या खेपेला दूध डेअरीतच आलं नव्हतं. एसएमटीपी सर्व्हिस मॅन्युअलवर, म्हणजे हातानं चालू करायच्या सेटिंगवर होती, रीस्टार्टनंतर उठलीच नाही. ऑटोमॅटिक केली.

पैसे तुम्ही घेतले नाहीत, भडंगाचा डबा पाठवलाय. कांदा तेवढा तुमचा तुम्ही चिरा.