फोर्ट कोचीला जरा वेळ द्या

सप्रेम नमस्कार,

केरळ टूरवाले कोचीला जेमतेम अर्धा दिवस देतात, मासेमारीच्या चिनी जाळ्यांसमोर सेल्फी काढली की लगेच निघाले मुन्नारला. अहो, तिथल्या सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये १५२४ साली वास्को द गामाला पुरलं होतं, नंतर अवशेष पोर्तुगालला नेले पण थडग्याची जागा अजून बघता येते, आणि शेजारच्या मट्टनचेरी भागातला डच पॅलेस तर मुळात पोर्तुगीजांनी कोचीच्या राजासाठी बांधलेला, डचांनी नंतर दुरुस्त्या केल्या आणि नाव त्यांचंच चिकटलं (फुकटचं क्रेडिट!). आतली रामायणाची भित्तिचित्रं तर अजिबात चुकवू नका. जवळचं १५६८ चं सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) शनिवारी बंद असतं, तेव्हा निदान वार बघून तरी प्लॅन करा.

- एक वाचक