अकरावीचा फॉर्म भरण्याआधी

नागपूर,
२० मे

प्रिय वृंदा,

मुक्ताचा निकाल कळला. गणितात पंच्याण्णव! माझ्या वतीने तिच्या पाठीवरून हात फिरव. पण तुझ्या निरोपातलं शेवटचं वाक्य काही केल्या डोक्यातून जाईना. गणित सोडून बायोलॉजी देताय म्हणे, मुलीच्या जातीला तेच सोयीचं. फोनवर बोलले असते तर आपलं भांडण झालं असतं, म्हणून लिहायला बसले.

मुलींना विज्ञान झेपत नाही, हे आधी मनातून काढ. उच्च शिक्षणाच्या २०२१-२२ च्या अखिल भारतीय सर्वेक्षणात विज्ञान शाखेच्या ५७.२ लाख विद्यार्थ्यांत २९.८ लाख मुली होत्या, म्हणजे मुलांपेक्षा जास्तच. २०२४ च्या नीटला, म्हणजे डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेला, नाव नोंदवणाऱ्या मुली १३ लाखांवर, मुलगे साधारण १० लाख. आणि त्याच वर्षी इंजिनिअरिंगच्या प्रवेशपरीक्षेला, जानेवारीच्या जेईई मेनला? मुली चार लाखांच्या आसपास, मुलगे त्यांच्या दुप्पट. फिजिक्स-केमिस्ट्री दोन्हीकडे आहेच. वाटा फुटतात त्या गणित आणि जीवशास्त्र या दोन विषयांपाशी, आणि तिथे खूण कुठे करायची हे बहुतेक घरांत मुलगी सोडून बाकी सगळे ठरवतात.

प्रवेशाच्या दिवसांत आमच्या कॉलेजात पालक भेटतात ना, त्यांचं बोलणं मला आता पाठ झालंय. "मॅडम, पोरगी हुशार आहे, पण गणित घेऊन काय करून राहिली? उद्या मिहानमध्ये नोकरी लागली तर रात्रीबेरात्री येईल कशी?" त्याच घरातल्या मुलाला हा प्रश्न कोणी विचारत नाही, त्याला गाडी घेऊन देतात. काळजी खोटी आहे असं मी म्हणत नाही. मिहान म्हणजे शहराबाहेरची कंपन्यांची वसाहत; तिच्याजवळच्या खापरीपर्यंत मेट्रो २०१९ पासून धावते, पण स्टेशनापासून कंपनीच्या दारापर्यंत जायचं कसं, हे बाईमाणसाला बघावंच लागतं. मग बस मागा, रस्त्यावर दिवे मागा, कंपनीकडे गाडी मागा. त्यासाठी पंधरा वर्षांच्या मुलीचं गणित का काढून घ्यायचं?

आणि हे नुसतं घरात घडत नाही, आमच्या प्रयोगशाळेतही घडतं. मीटर ब्रिजचा, म्हणजे तारेचा विद्युत रोध मोजायचा, प्रयोग घे. टेबलाभोवती चौघं असले की मुलगे तारा जोडतात, तारेवर टेकवायची जॉकी हातात घेतात, आणि मुली रीडिंग टिपतात. सुंदर अक्षर, आखीव तक्ता, जर्नलला पैकीच्या पैकी गुण. सगळे कौतुक करतात आणि कोणाला काही वावगं वाटत नाही. मग बोर्डाच्या प्रॅक्टिकलला एकटीने जोडणी करायची वेळ आली की त्याच मुलीचा हात थरथरतो. तिने मीटरला हातच लावलेला नसतो, थरथरेल नाही तर काय! आता मी पाळ्याच लावल्या आहेत, जोडणी प्रत्येकाने करायची. परवाच्या वर्षी एका गटाच्या गॅल्व्हनोमीटरचा, म्हणजे वीजप्रवाह दाखवणाऱ्या मीटरचा, काटा हलेना. सेल बदला, मीटर बदला, असा मुलांचा गलका. एरवी तोंडातून शब्द न काढणाऱ्या एका मुलीने तारांची टोकं पॉलिश पेपरने घासली, स्क्रू आवळले, जॉकी टेकवली, आणि काटा सरकला. त्या दिवसापासून ती पहिल्या बाकावर बसायला लागली.

गांधीसागरजवळच्या रमण विज्ञान केंद्रात मुलांना नेते, तेव्हा सी. व्ही. रमण यांच्या शोधाबरोबर जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनींचीही गोष्ट सांगते. १९३३ मध्ये बंगळूरच्या विज्ञान संस्थेत रमण यांनीच त्यांना बाई म्हणून प्रवेश नाकारला होता. त्या अडून बसल्या, तेव्हा पहिलं वर्ष अटींवर घेतलं. काम पाहिल्यावर मात्र रमण यांचं मत बदललं. १९३९ मध्ये सोहोनींना केंब्रिजची पीएचडी मिळाली. एवढ्या मोठ्या माणसाचीसुद्धा समजूत चुकू शकते, हे मुलींना कळलेलं बरं. २०२३ ची सायन्स काँग्रेस आपल्या नागपुरातच भरली होती आणि महिला सक्षमीकरण तिच्या मुख्य विषयातच होतं. पण अकरावीचा फॉर्म मांडवात भरला जात नाही गं, तो घरी भरला जातो.

राखीव जागांवर भाऊजींचा आक्षेप असतो, म्हणून तेही लिहिते. आयआयटीत २०१८ पासून मुलींसाठी ज्या जागा आहेत त्या जादा आहेत, मुलांची एकही जागा त्यासाठी कमी केलेली नाही, आणि आयआयटीची प्रवेशपरीक्षा जेईई ॲडव्हान्स्ड पास झाल्याशिवाय त्या मिळतही नाहीत. आपल्या नागपूरच्या व्हीएनआयटी या इंजिनिअरिंग संस्थेतही अशा जादा जागा आहेत. राज्यातल्या इंजिनिअरिंग प्रवेशात मुलींना ३० टक्के आरक्षण आहे. शिवाय २०२४-२५ पासून आर्थिक दुर्बल, ओबीसी आणि एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) घरांतल्या मुलींना, उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर, व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. तुमचं बसतं का ते बघून घे.

मुक्ताला खरंच जीवशास्त्र आवडत असेल तर माझं काहीच म्हणणं नाही, तिने खुशाल डॉक्टर व्हावं. पण तिला विचारा तरी! ठरत नसेल तर दोन्ही विषय ठेवू दे. अभ्यास वाढेल, पण बारावीनंतर सीईटी या राज्याच्या प्रवेशपरीक्षेचे पीसीएम (गणिताचा) आणि पीसीबी (जीवशास्त्राचा) दोन्ही गट देता येतात. फॉर्म भरायच्या आधी आठ दिवस तिला माझ्याकडे पाठव. ऊन मरणाचं आहे, पण कूलर लावून देईन आणि लॅबची किल्ली माझ्याकडेच असते. भाऊजींना पटत नसेल तर रविवारी सकाळी फोन करायला सांग, मी घरीच आहे.

तुझी,
सुनंदा