विडंबन, विटंबना आणि तुझी विडंबना

पुणे,
कोजागरीचा दुसरा दिवस

प्रिय सुध्या,

तुझं पत्र मिळालं. ‘काय विडंबना आहे बघ’ असं लिहिलंयस, म्हणजे इंदूरचं पाणी चांगलंच लागलं तुला! दैव वाकडं चाललं की हिंदीवाले विडंबना म्हणतात. आपल्याकडे त्या शब्दाने काल माझी गच्चीवर शोभा केली, ते ऐक.

सोसायटीची कोजागरी. आठवडाभर नळाला पाणी नाही, म्हणून मी ‘टँकरा, येशिल कधि परतून’ म्हटलं. मोठी माणसं हसली. तळमजल्यावरचे काका मात्र मसाला दूध खाली ठेवून म्हणाले, “ही कवितेची विटंबना आहे!” मी म्हटलं, “काका, विडंबन. ट नाही, ड.”

गंमत म्हणजे दोन्हींचं मूळ एकच, संस्कृतातलं विडंब्, म्हणजे नक्कल करणं. त्यात टवाळी असायलाच हवी असं नाही. रघुवंशाच्या चौथ्या सर्गात शरद ऋतू पांढऱ्या कमळांचं छत्र धरतो, काशफुलांच्या चवऱ्या ढाळतो आणि रघुराजाची नक्कल करतो. कालिदासाचा शब्द ‘विडम्बयामास’. पण राजाची शोभा काही त्याला साधत नाही. मला वाटतं, हसू पुढे त्याच फटीतून आलं. मराठीने मग वाटणी केली: लाडिक नक्कल विडंबनाकडे, पुतळ्यांची आणि प्रेतांची अप्रतिष्ठा विटंबनेकडे.

काकांना सांगितलं, हे पाप माझ्या आधी सासवडच्या अत्र्यांनी केलंय. रेव्हरंड टिळकांच्या ‘पाखरा, येशिल का परतून’ या कवितेतल्या ‘पाखरा’चा अत्र्यांनी केशवकुमार या टोपणनावाने ‘परिटा’ केला. पाखरू गेलं आणि कपडे घेऊन गेलेल्या परटाची वाट बघणं आलं. मी फक्त टँकर आणला.

पोरं ढिम्म. एक म्हणाली, “स्पूफ आहे का हे?” तो शब्द तर कालचा! आर्थर रॉबर्ट्स नावाच्या इंग्रज विनोदी नटाने १८८४च्या सुमारास काढलेल्या फसवाफसवीच्या खेळाचं ते नाव. पण पोरं हसणार कशी? पाखराची कविताच कुणी ऐकलेली नाही. गच्चीवर ती अख्खी पाठ असलेला माणूस एकच, आणि तोच चिडलेला.

जिन्यात काकांनी गाठलं. वाटलं, आता आणखी ऐकावं लागणार. तर म्हणाले, “दुसऱ्या कडव्यात दोन मात्रा कमी पडतायत.”

कडवं सोबत जोडलंय. मोजून कळव.

तुझा,
बंड्या