बिछायतीचा लोड आणि पोट्ट्यांचा लोड

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात याच सदरात एका निवृत्त गुरुजींचं पत्र वाचलं. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात दर्जा मिळाला, आपल्या अमरावती जिल्ह्यात रिद्धपूरला मराठीचं विद्यापीठ झालं, आणि खेड्यातल्या पोरांच्या तोंडी मात्र ‘लोड घेऊ नको’ असली अर्धी इंग्रजी, अशी त्यांची तक्रार. गुरुजींचा मान ठेवूनच लिहितो, पण लोडावर मला बोलू द्या. माझं पोट त्याच्यावर आहे.

दारव्हा तालुक्यात माझं बिछायत केंद्र आहे. साक्षगंध, लग्न, तेरवी, भागवत सप्ताह, काहीही असो, गाद्या, सतरंज्या, गंज, घमेली, कूलर आणि लोड आमच्याकडून जातात. लोड म्हणजे तक्क्याचा थोरला भाऊ, लांब, गोल, कापूस ठासून भरलेला. गुरुजींनीही एखाद्या सत्काराला त्याच्यावर पाठ टेकली असेल. हा शब्द कानावर पडला की मला इंग्रजी नाही आठवत, धुवायला टाकलेल्या खोळी आठवतात.

दुसरा लोड इंग्रजीतला, हे कबूल. पण तोही या पोरांनी आणला नाही. लोडशेडिंगच्या काळात आम्ही कंदील लावून पंगती उठवल्या, तेव्हा ही पोट्टी पाळण्यात होती. तीनच्या कनेक्शनवर पाच एचपीची मोटर टाकली की डीपी, म्हणजे विजेची पेटी, उडते आणि ‘लोड झाला’ असं शाळेची पायरी न चढलेला माणूसही सांगतो. वीजबिलावर ‘मंजूर भार’ छापलेलं असतं. डीपीपाशी उभं राहून कोणी ‘भार’ म्हणाल्याचं मी तरी ऐकलं नाही.

आता पोट्ट्यांचं सांगतो. लग्नसराईत माझ्याकडे चौघे जण येतात. एक छोटा हत्ती चालवतो, एक आयटीआय झालेला, दोघे घरची शेती सांभाळून. लहानपणापासूनचे दोस्त. खर्रा खाऊन माझ्या गाद्यांवर डाग पाडतात, तो हिशेब वेगळा.

तीन वर्षांमागच्या वैशाखातली गोष्ट. दिग्रसकडचं लग्न होतं. वरात दारात आलेली, पुढची बैठक लावायची राहिलेली, मुलीचा बाप घामाघूम. ते स्वतःच एक लोड काखेत घेऊन इवायाच्या, म्हणजे व्याह्याच्या, गादीकडे निघाले. आयटीआयवाल्यानं धीर द्यावा म्हणून म्हटलं, “काका, लोड नका घेऊ जी, आमी हाओ ना!” काकांनी मुकाट्यानं लोड खाली ठेवला आणि आत निघून गेले. इवाई टेकायला काही नाही म्हणून ताठ बसले. नवरदेवाच्या मामानं ते पाहिलं आणि रुसवा धरला. तो काढता काढता मुहूर्त टळला.

तेव्हापासून या चौघांत ‘लोड ठेवला’ म्हणजे, आपण बोललो एक आणि समोरच्यानं केलं भलतंच. बायकोनं सांबार आणायला सांगितला आणि नवरा हॉटेलातून सांबाराची पिशवी घेऊन आला, तर त्यानं लोड ठेवला. (पुण्याकडच्या वाचकांसाठी सांगतो, आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर. एक पुण्याचा आचारी याच पायी माझ्या अंगणात तासभर भांडला होता.)

पुढचा अर्थ माझ्या वहीतून निघाला. मी नेलेला माल आणि परत आलेला माल समोरासमोर लिहितो. एका तेरवीहून आल्यावर लिहिलं, ‘लोड २४, परत २२.’ दोन लोड आजतागायत सापडले नाहीत. मी महिनाभर कटकट केली असेल. झालं, पोरांना खाऊ मिळाला. कोणी डोक्यानं जरा हललेला दिसला की हळूच म्हणतात, “दोन लोड कमी हायेत बाप्पा याचे.” एकदा माझ्याबद्दलही म्हटलेलं मी ऐकलं. हसू आलं, पण तोंडावर दाखवलं नाही.

मागच्या वर्षी ऐन पावसाळ्यात आयटीआयवाल्याच्या वडिलांना शेतात साप चावला. यवतमाळला भरती केलं. नऊ दिवस. घरात करता-सवरता हा एकटाच. पहिल्या रात्री छोटा हत्तीवाला दवाखान्यात थांबला. म्हातारा पाठीखाली उशी घेऊनही नीट बसेना, म्हणून यानं रात्रभर खाटेवर बसून स्वतःची पाठ त्यांच्या पाठीला लावून दिली. सकाळी दुसरा दोस्त पोचला, त्यानं पाहिलं आणि म्हणाला, “अबे, तू तं लोडच झाला!” बस. मग रोज संध्याकाळी माझ्या ओट्यावर एकच प्रश्न, “आज लोड कोन हाय?” आज रात्री दवाखान्यात कोणाची पाळी, एवढाच त्याचा अर्थ. एका रात्री ती पाळी माझी होती. पासष्टीच्या माणसाला “काका, आज तुमी लोड” असं म्हणतात, आणि गंमत अशी की राग येत नाही.

म्हातारे बरे होऊन घरी आले. शब्द मात्र तिथून परत आला नाही. आता कोणी कोणाला बियाण्यासाठी चार हजार हातउसने दिले की ‘लोड लावला’ म्हणतात. आणि नुसता बसून खाणारा, काडीचं काम न करणारा, तोही लोडच, कारण बैठकीतला लोड तरी दुसरं काय करतो? एकाच शब्दात आधार आणि आळशी. कुठला लोड म्हणायचा, ते बोलणाऱ्याच्या तोंडाकडे पाहून समजतं, तेही त्या चौघांनाच. मला निम्म्या वेळा समजतं.

हे मी फजिती होऊन शिकलो. उन्हाळ्यात छोटा हत्तीवाल्याचं साक्षगंध झालं. मुलीच्या काकांनी मला विचारलं, पोरगा कसा आहे? मी छाती फुगवून सांगितलं, “आमचा लोड आहे जी तो!” काकांचा चेहरा पडला. त्यांना वाटलं, पोरगा घरच्यांना जड झालाय, किंवा गादीवर लोळतो. दवाखान्याची सगळी हकीकत सांगून निस्तरावं लागलं. मागं तिघं तोंडात रुमाल कोंबून उभे. घरी आल्यावर म्हणतात, “काका, तुमी लोड ठेवला आज.”

गुरुजींना माझं एवढंच विचारणं आहे, की ते ज्या पोरांबद्दल लिहितात त्यांच्याजवळ कधी ते बसले का? पोरांचं सगळंच बोलणं मला पटत नाही. शिव्या बम आहेत त्यांच्या तोंडी, आणि त्या मी दुकानात चालू देत नाही. पण अर्धी इंग्रजी म्हणून गुरुजींनी जो शब्द झटकला, त्याच्यात एक लग्न, एक तेरवी आणि दवाखान्यातल्या नऊ रात्री भरलेल्या आहेत.

पत्र छापलं तर नाव टाकू नका. पोरं तशीही ओळखतील.

आणि जागा उरली तर एक विनंती. ते दोन लोड पांढऱ्या खोळीचे आहेत, कडेला लाल धाग्यानं ‘बि’ काढलेलं आहे. कोणाच्या घरी असतील त्यांनी दारव्ह्याच्या आठवडी बाजारात कोणत्याही बिछायतवाल्याकडे आणून दिले तरी माझ्यापर्यंत पोचतील.

आपला,
एक बिछायतवाला,
ता. दारव्हा, जि. यवतमाळ