सोळा वेळा खटका, फोटो एक

आदरणीय काका,
सा. नमस्कार.

समोर बसून आभार मानायला गेलं की तुम्ही "आधी चहा घे" म्हणून विषय बदलता. म्हणून हे असं चारचौघांत लिहिते आहे. नाव मुद्दाम घातलेलं नाही, तुम्हाला ते खपलं नसतं. रावपुऱ्यातला तुमचा स्टुडिओ ज्यांना आठवतो ते ओळखतीलच.

बाबा गेल्यावर माळा आवरताना त्यांचा आगफा क्लिक थ्री सापडला. आपल्याच बडोद्यात, न्यू इंडिया इंडस्ट्रीजच्या कारखान्यात बनलेला. लग्नानंतर बाबांनी याच कॅमेऱ्यानं कीर्तिमंदिरापुढे आईचा फोटो काढला होता. ऊन पाठीशी घेऊन उभं राहायचं, एवढा एकच नियम त्यांना ठाऊक. त्यामुळे त्यांची स्वतःची सावली लांबत आईच्या चपलांपर्यंत गेलेली आहे. बाबांचा आमच्याकडे असलेला बहुधा सगळ्यात चांगला फोटो तोच.

म्हणून मीही पहिला रोल कीर्तिमंदिरावरच घातला. गायकवाड घराण्याचं हे स्मारक १९३६ सालचं, सयाजीराव महाराजांनी बांधून घेतलेलं. बारा चौकोनी फोटो, अगदी मोजूनमापून. रोल शहरातल्या एका लॅबमध्ये दिला. आठ दिवसांनी हातात आली ती फिल्मची काचेसारखी स्वच्छ, कोरी पट्टी. "बहेन, कॅमेरा गेलाय, शोकेसमध्ये ठेवा," असा सल्ला वर फुकट.

ती पट्टी घेऊन मी तुमच्याकडे आले तेव्हा खरं तर कॅमेरा कुणाला देऊन टाकावा एवढंच विचारायचं होतं. तुम्ही कॅमेऱ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पट्टी खिडकीशी धरलीत आणि विचारलंत, "कडेचे आकडे कुठायत?" फिल्मच्या कडेला कंपनीचं नाव आणि आकडे कारखान्यातच प्रकाशानं उमटवलेले असतात. त्यांचा कॅमेऱ्याशी संबंध नाही. कॅमेरा बंद पडला असता तर फोटो आले नसते, पण आकडे आले असते. आकडेही नाहीत म्हणजे घोळ धुण्यात. कृष्णधवल रोल रंगीत रोलच्या रसायनांत घातला की त्यातलं ब्लीच फिल्मवरची, चित्र जिनं बनतं ती सगळी चांदी खाऊन टाकतं, चित्रासकट आकडेही. "तुझ्या बाबांचा कॅमेरा ठणठणीत आहे," म्हणालात. काका, त्या वाक्यानंतर मी न्हाणीघरात तोंड धुवायला का गेले हे तुम्ही विचारलं नाहीत, त्याचेही आभार.

मग त्याच न्हाणीघरात तुम्ही मला रोल धुवायला शिकवलंत. मे महिन्यात बडोद्याच्या नळाला येतं ते पाणी नव्हे, काढा. काकूंच्या फ्रीजमधला बर्फ परातीत ओतून डेव्हलपर, म्हणजे चित्र उमटवणारं रसायन, वीस अंशांवर आणायचा, मग साडेसात मिनिटं, दर मिनिटाला डबी हलवायची. कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या लाल खिडकीवर तुम्ही काळ्या पट्टीची झडप चिकटवलीत. जुन्या फिल्मला लाल उजेड दिसत नसे, आजच्या फिल्मला दिसतो, म्हणून कितवा फोटो ते बघण्यापुरतीच झडप उघडायची.

पण सगळ्यात मोठं देणं हजीऱ्याचं. प्रतापनगरच्या रस्त्यावरून मी हजारदा गेले असेन. आत एकदाही नाही. अकबराचा सरदार आणि सलीमचा शिक्षक कुतुबुद्दीन मुहम्मद खान १५८३ साली मारला गेला, त्याचा हा अष्टकोनी मकबरा, उंच जोत्यावर. तुम्ही सकाळी सातला बोलावलंत. ऊन पाठीशी नको, बाजूनं हवं, तरच दगडाचं कोरीव काम उठतं, असं म्हणालात. बाहेरचे फोटो त्या तिरप्या उन्हात झाले. आत मात्र अंधार. या कॅमेऱ्याला शटरचा वेग एकच, उघडझाप साधारण सेकंदाच्या तिसाव्या भागाची. पुरातत्त्व खात्याच्या वास्तूत परवानगीशिवाय ट्रायपॉड लावता येत नाही. मी कॅमेरा पिशवीत टाकायला लागले.

तेव्हा तुम्ही खिशातून तुरीच्या डाळीनं भरलेली पुरचुंडी काढलीत. ती ओट्यावर ठेवून तीत कॅमेरा रोवलात. रोल पुढे न सरकवताही या कॅमेऱ्याचा खटका पुन्हा दाबता येतो. माझ्या आधीच्या रोलवर त्यामुळेच दोन घुमट एकमेकांवर बसले होते. तुम्ही त्याच खोडीला कामाला लावलंत. दोनदा दाबलं की दुप्पट उजेड, चारदा की चौपट. "सोळा वेळा दाब. श्वास सोडून. घाई नको." मी दाबत गेले, तुम्ही मोजत गेलात.

राखणदार मागे उभा होता. "बेन, सोळ फोटा पाड्या?"

"ना भाई, एकज," तुम्ही म्हणालात, आणि त्यानं आपल्या दोघांकडे ज्या नजरेनं पाहिलं ती मला अजून आठवते.

तो फोटो आला, काका. जाळीतून आलेला उजेड फरशीवर सांडलाय. कडा जरा हललेल्या आहेत, नवव्या-दहाव्या दाबाला माझा हात कापला असणार. तुम्ही म्हणाल पुन्हा काढ. काढेन. पण हा मी बाबांच्या फोटोशेजारी लावलाय, आणि कडेचे आकडे कापायचे नाहीत असं फ्रेमवाल्याला दोनदा बजावून सांगितलं.

डाळीची पुरचुंडी माझ्याकडेच राहिली आहे. काकूंना सांगा, रविवारी आणते. आणि हो, एका दुपारी मला सुटी असताना आईनं त्यातली वाटीभर डाळ आमटीला वापरली. भरून आणेन.

तुमची,
दांडिया बाजारातली विद्यार्थिनी