नॅनो कडुनिंब आमच्या पराटीवर तपासून दाखवा

संपादक साहेब, नमस्कार.

आमची काटोलकडे कोरडवाहू पराटी, म्हणजे कपाशी आहे. मी नोकरीपायी नागपूरला राहतो पण फवारणीच्या दिवसात लहान भावाच्या मदतीला जातोच. दोन वर्षांआधी पंपाचं झाकण गळत होतं, पाठीवर शर्ट ओलाचिंब झाला तरी ‘एवढी ओळ होऊ दे दादा’ म्हणत तो फवारतच राहिला. संध्याकाळी ओकाऱ्या, समोरचं अंधुक दिसतंय म्हणे, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. वाचला बिचारा. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं 20 च्या वर माणसं गेली, ती पण अशाच घरातली.

आई निंबोळी अर्क करते. 5 किलो निंबोळ्या कुटून रात्रभर भिजवायच्या, सकाळी फडक्यानं गाळून 100 लिटर पाण्यात. मावा, तुडतुडे दबतात पण त्यातलं किडीला रोखणारं द्रव्य, अझाडिरॅक्टिन, उन्हात काही दिवसातच संपतं आणि पाऊस आला की सगळं धुऊन जातं, मग पुन्हा कृषी केंद्रातली रासायनिक औषधाची बाटली. नॅनोचं काम इथंच आहे, निंबोळी तेलाचे अतिशय बारीक थेंब केले की ते पानावर सारखे पसरतात, वरून आवरण दिलं तर ऊन लागत नाही आणि औषध हळूहळू सुटतं, म्हणजे फेऱ्या कमी होऊ शकतात.

पण ‘वनस्पतीजन्य नॅनो’ म्हटलं की सगळंच निरुपद्रवी असं नाही. कडुनिंबाच्या पाल्याच्या अर्कात सिल्व्हर नायट्रेट टाकलं की पाणी तपकिरी होतं, चांदीचे नॅनोकण बनतात, त्यालाही हेच नाव. जिवाणू मारणं हाच चांदीचा गुण, मग मातीतल्या कामाच्या जिवाणूंचं काय? मला तरी ते आमच्या शेतात नको.

नॅनो कृषी उत्पादनं तपासायची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं 2020 मध्येच आली आणि केंद्रीय कापूस संशोधन संस्था तर 1976 पासून आपल्याच शहरात आहे. माझी कळकळीची विनंती आहे की त्यांनी नॅनो निंबोळी आणि घरचा अर्क शेतकऱ्यांच्या वावरात शेजारी शेजारी लावून बघावं, एकरी खर्च किती, मित्रकीटक किती वाचले, फवारणाऱ्याला त्रास झाला का, हे गावात येऊन मराठीत सांगावं. अर्धा एकर आम्ही देतो, भावाला विचारलंय. जूनमध्ये निंबोळ्या पडायला लागतात, त्याआधी ठरलं तर ह्याच हंगामात होईल.

– एक वाचक, नागपूर